हवा काढायला दोन माणसं लागतात

सातपूर, नाशिक
रविवार, दुपारची जेवणं आटोपल्यावर

ती. कोंडाजी दाजी यांस,

रवीचा मनापासून जय भीम. ताईलाही सांगा. तुमच्या आयुषच्या बाळाच्या गालाला माझ्यातर्फे एक बोट लावा (हात धुऊन, हल्ली ताई त्याबाबतीत फार कडक झाली आहे असं आई सांगते). तुमचा उजवा गुडघा कसा आहे? मनमाडच्या रेल्वे यार्डात जन्मभर डब्यांखाली वाकून ब्रेक तपासलेत, तेव्हा गुडघा कुरकुरला नाही आणि आता आरामखुर्चीत बसल्यावर कुरकुरतोय. गुडघ्यांचा स्वभावच तसा. आईने ओव्याचं तेल करून ठेवलंय, येताना आणतो. आमच्याकडे सगळे बरे आहेत. आईचं रक्तदाबाचं मशीन बिघडलंय, त्यामुळे तिचा रक्तदाब सध्या उत्तम आहे.

तुमचं पत्र मिळालं. तुम्ही एकच गोष्ट विचारलीत: बाळाच्या नामकरणाला रवी आणि सुवर्णा एका मोटरसायकलवर येणार, की सुवर्णा रेल्वेने आणि रवी रस्त्याने? अक्षर तुमचं असलं तरी प्रश्न ताईचा आहे हे मी ओळखलं. उत्तर एका ओळीचं आहे, पण तसं नुसतं दिलं तर ताईचा विश्वास बसणार नाही आणि ती आईला फोन करील. फोन मीही केला असता. पण आमच्या घरात फोनवर बोललेलं आईला ऐकू जातं, आईने ऐकलेलं शेजारच्या लंकाबाईला कळतं, आणि लंकाबाईला कळलं की कॉलनीच्या नोटीस बोर्डाला काही काम उरत नाही. म्हणून सविस्तर लिहितो.

सुरुवात कोथिंबिरीपासून. तुम्हाला माहीत आहे, सुवर्णाची शाळा त्र्यंबक रोडला आणि माझी कंपनी त्याच वाटेवर, त्यामुळे लग्न झाल्यापासून ती माझ्या मागे बसूनच जाते. (शाळेत ती गणित शिकवते, कंपनीत मी विजेचे पॅनेल तपासतो. म्हणजे दिवसभर दोघंही दुसऱ्यांच्या चुका शोधतो आणि संध्याकाळी घरी आल्यावर हात लगेच थांबत नाही.) बरेच दिवस ती मागून सांगत होती की पुढचा ब्रेक पोकळ लागतोय, लिव्हर दाबली की तुमची बोटं पार मुठीला टेकतात. मी म्हणायचो, गाडी जुनी झाली की ब्रेक जरा मऊ होतोच, माणसंही होतात. मग एके दिवशी भाजीबाजारापाशी एक बकरी आडवी आली. मी ब्रेक दाबला. लिव्हर मुठीला चिकटली आणि गाडी आपली चालतच राहिली. मागचा ब्रेक शाबूत होता म्हणून आम्ही कुसाबाईच्या कोथिंबिरीच्या ढिगात थांबलो. तो नसता तर पुढे हिरव्या मिरच्या होत्या. कोणाला काही लागलं नाही, बकरीला तर मुळीच नाही. कुसाबाई मखमलाबादकडून रोज पालेभाजी घेऊन येते, आमचं तिच्याकडचं रोजचं गिऱ्हाईक. ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "दादा, कोथमीर घ्यायची व्हती तं गाडीवरून उतरून घ्यायची ना!" इथपर्यंत सगळं निभावलं असतं. पण सुवर्णा कोथिंबिरीतून उठता उठता "मी सांगितलं होतं" असं म्हणाली, आणि माझ्या तोंडून, केवळ तांत्रिक माहिती म्हणून, असं निघून गेलं की मागे वजन जास्त असलं म्हणजे गाडी थांबायला वेळ लागतोच.

दाजी, हे वाक्य विज्ञानाच्या दृष्टीने बिनचूक आहे. कुठल्याही पुस्तकात बघा. पण ते पुस्तकातच असावं, बाजारात असू नये. कुसाबाईने तोंडाला पदर लावला. शेजारचा मिरचीवाला उगाचच मिरच्यांवर पाणी शिंपडू लागला. सुवर्णाने केसांतली कोथिंबीर शांतपणे काढली, कुसाबाईची नुकसानी भरून दिली आणि चालत घरी गेली. मी गाडी ढकलत तिच्या मागून. त्या संध्याकाळपासून आमच्या घरात अबोला सुरू झाला.

आता अबोला म्हणजे शांतता, असं कुणाला वाटत असेल तर त्याने आमच्या घरी येऊन बघावं. अबोल्यात बोलणं दुप्पट होतं, कारण प्रत्येक वाक्य आईवरून फिरून जातं. मी आरशासमोर उभा, सुवर्णा माझ्या मागे हातभर अंतरावर, आणि ती स्वयंपाकघरातल्या आईला ओरडून सांगणार, "आई, त्यांना सांगा डबा भरलाय." मग आई तिथून मला ओरडून सांगणार. मग मी आईला ओरडून विचारणार की भाजी कोणती. त्या पहिल्याच सकाळी सुवर्णाने आईमार्फत असंही कळवलं की त्या गाडीवर मी परत बसणार नाही. आणि ती सिटी बसने जायला लागली. मी गाडीची लिव्हर तात्पुरती बांधून, मागच्या ब्रेकवर, सायकलच्या वेगाने कामाला जायचो, तर स्टॉपवर ती उभी दिसायची. मी बघायचो, ती बसचा नंबर वाचायची, रस्त्यावर बस नसली तरीही. मागची सीट एवढी मोठी आहे हे मला तोवर कधी कळलं नव्हतं. ब्रेकची मला काळजी नव्हती, दाजी. ब्रेक कोणीही करून दिला असता. ती माझ्या मागे परत बसते की नाही, एवढा एकच प्रश्न मला पडला होता, आणि म्हणूनच मी ठरवलं की ब्रेक आपण स्वतः करायचा. गॅरेजवाल्याच्या भरवशावर ती बसली असती, तर तो भरवसा गॅरेजवाल्याचा झाला असता.

त्या वेळी मी तुम्हाला फोन केला होता, आठवत असेल. तुम्ही एका दमात सांगितलंत, "रवी, हवा टिकली पाहिजे. आधी प्रेशर बघ. हवा नाही तर काही नाही." वडीलधाऱ्यांचा शब्द म्हणून ऐकून घेतला आणि अर्धा दिवस त्यावर विचारही केला. पण राग मानू नका, रेल्वेचा ब्रेक हवेवर चालतो आणि मोटरसायकलचा ब्रेक हवेने बिघडतो. तुम्ही जन्मभर जी हवा डब्याडब्यांतून टिकवलीत, तीच मला थेंबाथेंबाने बाहेर काढायची होती. इकडे पाइपात ऑइल असतं. ऑइल दबत नाही, म्हणून बोटांचा जोर जसाच्या तसा चाकापर्यंत पोचतो. मध्ये हवेचा एक बुडबुडा असला तरी सगळा जोर तोच मधल्यामध्ये खाऊन टाकतो. (असे काही जण आमच्या कंपनीतही आहेत, पण पत्र कोणाच्या हाती लागेल सांगता येत नाही.) त्यात माझी गाडी एबीएसची. म्हणजे सीटखाली एक डबा असतो. आपण घाबरून ब्रेक करकचून दाबला की तो चाक जाम होऊ देत नाही, पकड-सोड, पकड-सोड करत गाडी सरळ ठेवतो. अर्थात त्याच्यापर्यंत जोरच पोचला नाही तर तो बिचारा काय करणार, कोथिंबिरीत बसणार. आईला हे समजावून सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "म्हंजी घरात एक शहाणं माणूस आसतं, तसं," आणि माझ्याकडे न बघता सुवर्णाकडे बघितलं.

सुट्टीच्या दिवशी अंगणात गाडी उभी करून जुने रबरी पाइप काढले. वाकवून पाहिले तर म्हाताऱ्या माणसाच्या टाचेसारख्या भेगा. नवे पाइप आणले होते, वरून स्टीलची जाळी असलेले, बघूनच छाती फुगावी असे: एक लिव्हरपासून एबीएसच्या डब्यापर्यंत, दुसरा डब्यापासून चाकापर्यंत. ते बसवताना ब्रेक ऑइलचे चार थेंब पेट्रोलच्या टाकीवर सांडले. ब्रेक ऑइल रंग खातं, हे डबीवर लिहिलेलं असतं. पण डबीवर लिहिलेलं वाचायचं असतं हे कुठेच लिहिलेलं नसतं. मी फडकं शोधत इकडेतिकडे फिरत होतो, तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातून पाण्याचा तांब्या आला, पायरीवर ठेवला गेला आणि बांगड्यांचा हात परत आत गेला. गणिताच्या बाईंनी डबी वाचली होती. पाणी ओतलं, रंग वाचला, फक्त बोटाएवढा एक डाग राहिला आहे (नामकरणाला याल तेव्हा दाखवतो, असं लिहिणार होतो, पण येणार आम्ही आहोत).

सगळं बसवून झाल्यावर एक वायसर उरला. पाइपाच्या प्रत्येक जोडाला दोन्ही बाजूंनी तांब्याचा एकेक वायसर लागतो, हे मला ठाऊक आहे. कंपनीत पॅनेल जोडल्यावर एखादा स्क्रू उरला तर मी पूर्ण लाइन थांबवतो. पण घरी माझा स्वभाव आशावादी आहे, त्यामुळे दुकानदाराने जास्तीचा दिला असेल म्हणून मी खुशीत हात धुतले. जेवायला बसलो तर ताटात लिंबाच्या फोडीशेजारी, मीठ वाढतात त्या जागी, तो वायसर. धुऊन, पुसून. आईने विचारलं हे काय गं, तर सुवर्णा भाकरी थापता थापता म्हणाली, "आई, त्यांना सांगा, सीटखालून टपकतंय." मी ताटावरून उठून बघून आलो. डब्याजवळच्या जोडाला एकच वायसर होता, ताटातला दुसरा तिथे बसवला. परत आलो तेव्हा माझी भाकरी झाकून ठेवलेली होती.

आता मुख्य कामाला येतो. नवे पाइप घातले की आत हवा राहते आणि ती काढावी लागते. चाकाजवळ कॅलिपरला, म्हणजे चकती पकडणाऱ्या चिमट्याला, एक छोटं निपल असतं, त्याला पारदर्शक नळी लावून नळीचं टोक ऑइलच्या बाटलीत बुडवायचं (आईला सलाइन लावलं होतं तेव्हाची नळी मी जपून ठेवली होती, घरात यावरून मला पूर्वी फार ऐकावं लागलं आहे). मग एकाने वर लिव्हर दाबून धरायची, दुसऱ्याने खाली पान्याने निपल किंचित उघडायचं, बुडबुडे निघतात, निपल बंद करायचं, आणि मगच लिव्हर सोडायची. निपल उघडं असताना लिव्हर सुटली की गेलेली हवा उलटी आत येते. म्हणजे हे दोन माणसांचंच काम आहे आणि त्या दोन माणसांनी एकमेकांशी बोललंच पाहिजे. तुमच्या लक्षात अडचण आली असेल.

आईच्या लक्षात ती आधीच आली होती. आई इगतपुरीजवळच्या रेल्वे फाटकावर गेटवूमन होती हे तुम्हाला सांगायला नको. बाबांच्या जागेवर लागली आणि रिटायर होईपर्यंत तिच्या फाटकावर कधी कोंबडीसुद्धा दगावली नाही, असं ती अजून सांगते. तिथली पद्धत तिच्या हाडात भिनलेली आहे. स्टेशन मास्तर फोनवर सांगणार, ती ऐकलेलं परत म्हणून दाखवणार, फाटक बंद करून कुलूप लावणार, मग खात्रीसाठी एक आकडा देणार, मास्तर तो आकडा परत म्हणणार, आणि तेव्हाच सिग्नल पडणार. तिने अंगणात गाडीच्या बाजूला खुर्ची टाकली, चष्मा लावला आणि जाहीर केलं की काम करायचं तर नियमानं व्हईल. सुवर्णा लिव्हरपाशी उभी, मी चाकापाशी मांडी घालून, मध्ये आई.

मग असं सुरू झालं. मी आईला सांगायचं की दाबायला सांग. आई सुवर्णाला सांगणार की दाबायला सांगितलंय. सुवर्णाने दाबून मान हलवली तर आई म्हणणार, "मान नाय चालत, तोंडानं बोल." मग सुवर्णा म्हणणार की आई, त्यांना सांगा धरलंय. आई माझ्याकडे वळून, "रवी, धरलंय. नंबर त्रेपन्न." मी त्रेपन्न म्हणायचं. आई विचारणार, "किती?" परत म्हणायचं. मग आज्ञा व्हायची, "आता खोल." तोवर वर सुवर्णाची बोटं दमून लिव्हर कधीच सुटलेली असायची आणि मी निपल उघडल्यावर नळीतून एक बुडबुडा बाहेर यायच्या ऐवजी दोन आत जायचे. त्यातून लंकाबाई विरजण मागायला आली, तर आईने हात आडवा केला आणि म्हणाली, "फाटक बंद हाय, थांब तिथं." लंकाबाई वाटी हातात घेऊन रस्त्यात उभी राहिली, बरं का, तक्रार न करता, तिच्या मागे एक दूधवाला उभा राहिला, आणि त्याच्या मागे काय चाललंय ते बघायला आणखी दोघं. बाटलीतलं ऑइल संपत आलं, आईचे आकडे संपले (ती परत पहिल्यापासून सुरू करणार होती), आणि लिव्हर दाबून पाहिली तर लोण्यात बोट घातल्यासारखी. आईने खुर्ची उचलताना शेरा मारला की कर्मचारी नवे हायेत.

दुसऱ्या दिवशी कंपनीत विचारलं तेव्हा कळलं की हवा त्या एबीएसच्या डब्यात जाऊन बसली असणार. ती नुसती लिव्हर दाबून निघत नाही. डबा आतून चालवावा लागतो. शोरूमवाले ते कॉम्प्युटर जोडून करतात. नाहीतर दुसरा उपाय असा की मोकळ्या भुसभुशीत मातीत हळूहळू गाडी चालवायची आणि मुद्दाम जोरात ब्रेक मारायचा, म्हणजे चाक घसरू लागतं, डबा जागा होतो, टकटक करतो आणि लपलेली हवा सोडून देतो. मग घरी येऊन परत पहिल्यापासून हवा काढायची. मी शोरूमला न जाता सकाळी कंपनीमागच्या रिकाम्या प्लॉटवर गेलो. थोडं पुढे जायचं, करकचून थांबायचं. परत थोडं पुढे, परत थांबायचं. लिव्हर बोटांखाली टकटकू लागली तेव्हा मला एवढा आनंद झाला की मी एकटाच "हां, बोल बाबा, बोल" असं म्हणालो. तेवढ्यात त्या प्लॉटमधून आडवाटेने कुसाबाई पाटी डोक्यावर घेऊन बाजाराला निघालेली. तिने मला बघितलं आणि पहिल्यांदा पाटी सांभाळत एका दगडामागे गेली. मग बराच वेळ बघून ओरडली, "आता शिकतो व्हय गाडी? मंग बायकोला आधीच कशाला बशिवली?"

मी थांबलो (ते तर जमतच होतं) आणि हसलो. तिने विचारलं, "बसती का नाय मागं आता?" मी म्हणालो, नाही बसत. दाजी, ही गोष्ट तोवर मी तोंडाने कोणालाच सांगितली नव्हती. कुसाबाईने पाटी खाली ठेवली, एक जुडी काढली आणि माझ्या हातात दिली. "तिला दे. म्हणावं कुसाबाईची कोथमीर खायाला बी आसती, नुसती पडायला नाय." पैसे काढले तर पाटी उचलून चालू लागली.

जुडी मी आईमार्फतच पोचवली, निरोप मात्र पूर्ण सांगितला. त्या संध्याकाळी सुवर्णाने कोथिंबीर वड्या केल्या. माझ्या ताटात सगळ्या कडेच्या आल्या, जरा जास्त कुरकुरीत. मला कडेच्या आवडतात हे जगात फक्त दोन माणसांना माहीत आहे, आणि त्या दिवशी आई तळत नव्हती.

पुढच्या सुट्टीला परत बाटली, नळी, पाना घेऊन अंगणात बसलो आणि आईला हाक मारली. तर आई चप्पल घालून दारात उभी. म्हणाली, "माझी ड्युटी सपली. गेटवाल्याला बी रेस्ट आसती," आणि लंकाबाईकडे जाऊन बसली. तिथून आमचं अंगण दिसतं, पण ऐकू येत नाही, असं तिचं म्हणणं. मी चाकापाशी. लिव्हरपाशी कोणी नाही. थोड्या वेळाने सुवर्णा ओढणी कमरेला बांधत आली, स्टूल ओढलं, बसली आणि लिव्हरवर बोटं ठेवून समोरच्या भिंतीकडे बघत राहिली. आता मध्ये कोणीच नाही. मी पाना निपलला लावला, नळी सारखी केली, परत सारखी केली. शेवटी कॅलिपरकडे बघत म्हणालो, दाबायला हरकत नाही. लिव्हर दाबली गेली. मी वाट बघितली. न सांगता उघडलं असतं तर सगळं परत बिघडलं असतं, हे तिलाही माहीत होतं. मग वरून आवाज आला, "धरलंय."

एवढाच शब्द, दाजी, पण थेट मला. कोणावरूनही फिरून आलेला नाही. मी निपल उघडलं आणि नळीतून बुडबुड्यांची अशी रांग निघाली की काय सांगू. बंद केलं, म्हणालो, सोड. मग दाब. धरलंय. सोड. दाब. धरलंय. सोड. दोन-चार वेळा असं झाल्यावर आमचा हात बसला. मधल्या वेळात ती म्हणाली हात दुखतोय, मी म्हणालो हात बदल. मग ती म्हणाली लिव्हरजवळच्या टाकीत ऑइल कमी झालंय, ओता, नाहीतर परत हवा जाईल. मी ओतलं. मग कधीतरी ती म्हणाली की शाळेत नव्या मॅडमना पाढेच येत नाहीत. मी म्हणालो आमच्या नव्या साहेबांना पॅनेलची पुढची बाजू कोणती ते कळत नाही. दाब. धरलंय. मग मध्येच ती म्हणाली, "त्या दिवशी कोथिंबिरीत आधी तुम्ही पडलात. मी तुमच्यावर पडले." मी म्हणालो, "हो. म्हणून मला लागलं नाही." हे वाक्य विज्ञानाच्या दृष्टीने पार चुकीचं आहे, पण ती हसली. स्टुलावरून तोल जाईपर्यंत हसली. मी खाली ऑइलच्या बाटलीला धरून हसलो. पलीकडे लंकाबाईच्या ओट्यावर आई उभी राहिली आणि तिने हाताने फाटक उघडल्याची खूण केली.

समोर असलेल्या माणसाची आठवण येते का हो, दाजी? मला येत होती. रोज एकाच घरात जेवत होतो, तरी येत होती.

संध्याकाळी लिव्हर दगडासारखी घट्ट, जोडांखाली कोरडं. मी हेल्मेट घातलं आणि गाडी सुरू केली. मागे दुसरं हेल्मेट घातल्याचा आवाज आला, आणि मग सीट दबली. (याहून जास्त त्या विषयावर मी काही लिहिणार नाही, मी शिकलो आहे.) आम्ही बाजारातून एक चक्कर मारली. कुसाबाईने आम्हाला लांबूनच पाहिलं आणि तिने अगोदर ढीग मागे ओढला. मी ब्रेक दाबला. गाडी तिच्या गोणपाटापासून वीतभर अलीकडे थांबली. कुसाबाईने वाकून अंतर पाहिलं, सुवर्णाकडे पाहिलं आणि ढीग परत पुढे लोटला.

तेव्हा तुमच्या प्रश्नाचं उत्तर: आम्ही दोघं एकाच गाडीवर येतोय. वाटेत सुवर्णा मागून प्रत्येक वळणाला "दाबा" म्हणणार आहे, आता म्हणायची पाळी तिची आहे, आणि मी दाबणार आहे. ताईला हे वाचून दाखवा, पण वजनाचा मजकूर गाळा. गुडघ्याला जपा. यार्डाकडे फिरायला जाल तेव्हा डब्यांखाली वाकू नका, तुम्हाला कोणी सांगितलेलं नाही.

तुमच्या घराकडे चाक वळवून बसलेला,
मेहुणा रवी

ता. क. एक गोष्ट फक्त तुम्हाला म्हणून लिहितो, ताईला नको. त्या दिवशी नळीतले बुडबुडे लवकरच थांबले होते. नळी माझ्या डोळ्यांसमोर होती, त्यामुळे मला कळलं. वर बसलेल्या सुवर्णाला ते दिसण्यासारखं नव्हतं. नंतर नुसतं स्वच्छ ऑइल येत होतं. तरी मी दाब म्हणत राहिलो. थांबलो असतो तर ती उठून आत गेली असती. निम्मी बाटली नवं ऑइल वाया गेलं असेल. मला वाईट वाटत नाही.

दुसरा ता. क. खरं म्हणजे पत्र लिहायला बसलो ते एका कामासाठी, ते राहूनच गेलं. तुमच्या जुन्या स्कूटरचा पुढचा ब्रेक मला दिवाळीला आलो तेव्हा मऊ वाटला होता. कृपा करून तो गॅरेजला देऊ नका. तुम्हाला घट्ट वाटत असला तरी आम्ही आल्यावर चारचौघांत म्हणा की मऊ वाटतोय. नामकरणाच्या दुसऱ्या दिवशी मी आणि सुवर्णा मिळून करून टाकू. दोन माणसांचं काम आहे.

(हे खालचं अक्षर माझं, सुवर्णाचं.) ती. दाजी, जय भीम. ताईंना माझा नमस्कार आणि बाळाला पापा. पाकिटावर पत्ता घालायला पत्र माझ्याकडे दिलं, माझं अक्षर चांगलं आहे म्हणून. उघडंच दिलं. मग वाचणार नाही तर काय करणार. बुडबुडे मला दिसत नव्हते हे खरं, पण लिव्हर माझ्या हातात होती. हवा संपली की लिव्हर घट्ट होते, ते खाली बसलेल्याच्या आधी वरच्याला कळतं. मी दाबत राहिले. आणि पुढच्या ब्रेकची हवा काढायला दोन माणसं लागत नाहीत. एक हात लिव्हरवर आणि दुसरा पान्यावर ठेवून एकट्याने होतं. हवा काढण्याच्या एका व्हिडिओत अगदी स्पष्ट दाखवलंय. मी तो आधीच्याच दिवशी बघितला होता, त्यांच्याच मोबाइलवर, आणि त्यांनी तो माझ्या आधी बघितलेला होता.

तुमच्या स्कूटरला केबलचा ब्रेक आहे, दाजी. त्यात ऑइल नसतं, हवा नसते, काढण्यासारखं काहीच नसतं. एक नट फिरवला की झालं. हे त्यांनाही चांगलं माहीत आहे. तरी तुम्ही मऊ वाटतोय असंच म्हणा. स्कूटर मागच्या अंगणात सावलीला लावून ठेवा, दोन स्टुलं ठेवा आणि आमच्याजवळ कोणाला येऊ देऊ नका. सकाळभर लागेल.